'मर्यादेच्या आत' म्हणजे नेमकं काय? अन्नातले कीटकनाशकांचे अवशेष आणि मोठ्यांची तब्येत

उंबरठा (धागाकर्ती)

गेल्या महिन्यात माझ्या थोरल्या जाऊबाईंनी फळं खाणं बंद केलं. वय ५४, रक्तदाब वाढलेला, डॉक्टरांनी मुद्दाम फळं-भाज्या वाढवायला सांगितलेल्या. पण कुणीतरी पाठवलेली एक चित्रफीत पाहिली आणि त्यांच्या मनाने घेतलं की सगळंच फवारलेलं आहे, तेव्हा जेवढं कमी पोटात जाईल तेवढं बरं. मी ९ वर्षं अवशेष तपासणाऱ्या प्रयोगशाळेत काम केलंय, म्हणून त्यांनी मलाच विचारलं, "तू तर रोज मोजत होतीस ना? मग खरं सांग, खाऊ की नको?"

"खा" हे मी लगेच म्हणाले. त्यांनी "का?" विचारलं तेव्हा मात्र मला धड सांगता आलं नाही. जे त्या दिवशी सांगायला हवं होतं ते इथे सविस्तर लिहिते.

आधी मोजतो कसं ते. नमुना आमच्याकडे येतो तो न धुतलेला. सफरचंद सालासकट दळलं जातं, आणि बऱ्याच जणांना ठाऊक नसतं, पण केळंसुद्धा सालासकट. कारण कायद्याची मर्यादा शेतातून निघालेल्या अख्ख्या फळासाठी असते, आपण सोलून खातो त्या गरासाठी नसते. (अमेरिकेच्या कृषी खात्याचा १९९१पासून चालू असलेला अवशेष कार्यक्रम वेगळा आहे. तिथे घरी करतात तसं नमुना धुऊन, सोलून मग तपासतात. दोन देशांचे आकडे शेजारी ठेवताना हे विसरलं की गोंधळ होतो.) गोठवून दळलेल्या लगद्यातले साधारण १० ग्रॅम घ्यायचे, त्यात अ‍ॅसिटोनायट्राइल आणि क्षार घालून जोरात हलवायचं, वरचा थर वेगळा काढायचा आणि यंत्राला द्यायचा. 'कॅचर्स' नावाची ही पद्धत २००३ साली प्रसिद्ध झाली आणि तिच्यामुळे एका दमात शेकडो रसायनं शोधता येऊ लागली.

यंत्राची नजर भयंकर तीक्ष्ण असते. किलोमागे ०.०१ मिलिग्रॅम म्हणजे १०० टन फळांत १ ग्रॅम. एवढं आम्हाला रोज दिसायचं. त्यामुळे "१२ कीटकनाशकं सापडली" अशी बातमी आली की मी आधी विचारते, किती सापडली? यंत्राला दिसलं म्हणजे अपाय झाला असं नाही. त्याच वेळी, कमी आहे म्हणून काहीच नाही असंही म्हणता येत नाही. खरा प्रश्न या दोन टोकांच्या मधेच आहे.

आता मुख्य मुद्दा. दोन वेगवेगळे आकडे आहेत आणि लोक त्यांची सरमिसळ करतात.

पहिला, रोजचं स्वीकार्य सेवन, म्हणजे एडीआय. प्राण्यांना, बहुतेक वेळा उंदरांना, वेगवेगळ्या मात्रा दीर्घकाळ खाऊ घालतात. ज्या मात्रेला काहीच वाईट परिणाम दिसत नाही ती सर्वांत मोठी मात्रा धरतात आणि तिला १०० ने भागतात. माणूस उंदरापेक्षा जास्त नाजूक असेल म्हणून १०, आणि माणसामाणसांत फरक असतो म्हणून आणखी १०. आयुष्यभर रोज एवढं पोटात गेलं तरी चालेल, असा हा आकडा.

दुसरा, कमाल अवशेष मर्यादा, म्हणजे एमआरएल. हा आकडा विषशास्त्रातून निघत नाही, शेतातून निघतो! लेबलवर लिहिल्याप्रमाणे फवारलं, काढणीआधी सांगितले तेवढे दिवस थांबलं, तर पिकावर जास्तीत जास्त किती उरेल, हे प्रत्यक्ष चाचण्यांमधून काढतात. मग लोकांच्या आहाराचा हिशेब करून ते एडीआयच्या आत बसतं का हे पडताळतात. एफएओ (संयुक्त राष्ट्रांची अन्न व कृषी संघटना) आणि जागतिक आरोग्य संघटनेची संयुक्त समिती १९६३पासून हे काम करते आणि तिच्या शिफारशींवर कोडेक्सच्या, म्हणजे अन्नाचे जागतिक निकष ठरवणाऱ्या आयोगाच्या, आंतरराष्ट्रीय मर्यादा ठरतात.

म्हणजे एखादा नमुना मर्यादेबाहेर गेला तर त्यातून पहिल्यांदा कळतं ते हे, की शेतात काहीतरी चुकलं. जास्त फवारलं, काढणीची घाई केली, किंवा त्या पिकाला परवानगी नसलेलं औषध वापरलं. खाणारा आजारी पडेलच असं त्यातून कळत नाही. एक उदाहरण घ्या. एखाद्या रसायनाचं एडीआय वजनाच्या किलोमागे ०.०१ मिलिग्रॅम आहे असं मानू. ६० किलोच्या माणसाला दिवसाला ०.६ मिलिग्रॅम. फळात किलोमागे ०.०५ मिलिग्रॅम अवशेष असेल तर तिथवर पोचायला रोज १२ किलो फळ खावं लागेल.

हा हिशेब मी जाऊबाईंना कागदावर मांडून दाखवला. त्यांनी तो शांतपणे ऐकला आणि विचारलं, "पण एकाच फळात एकच औषध असतं का गं?"

नाही, नसतं. आणि माझी स्वतःची अस्वस्थता नेमकी तिथेच आहे. हा सगळा हिशेब एकेका रसायनाचा स्वतंत्र आहे. मी स्वतः एकाच नमुन्यात सात-सात, आठ-आठ अवशेष पाहिलेत, प्रत्येक आपापल्या मर्यादेच्या आत आणि अहवालावर शिक्का 'योग्य'. तो शिक्का खोटा नव्हता. पण जाऊबाई जे विचारत होत्या त्याचं पूर्ण उत्तरही त्यात नव्हतं.

तुमचे अनुभव, शंका, विरोध, सगळं लिहा. लहान मुलं आणि गर्भारपण हा विषय वेगळा आणि मोठा आहे, तो या धाग्यात नको. इथे मोठ्या माणसांबद्दल बोलू.

पानगळ

केळं सालासकट तपासतात हे आजच कळलं! वाचनखूण साठवली आहे. धुण्याबद्दल सविस्तर लिहाल का? मीठ, व्हिनेगर, सोडा, शिवाय ते विकत मिळणारे द्रव, यातलं नक्की कशाने जातं?

सातवी_ओळ

लेख चांगला आहे, पण मला एका गोष्टीचा राग येतो आणि तो इथे मांडतो. १०० ने भागलं म्हणून निर्धास्त व्हा, हे आपल्याला आधीही सांगितलं गेलंय.

डीडीटीचं कीटकनाशक म्हणून सामर्थ्य शोधल्याबद्दल पाउल म्यूलर यांना १९४८ साली नोबेल मिळालं. १९७२ साली अमेरिकेने त्याचा शेतीतला वापर थांबवला. वर्षानुवर्षं न जाणाऱ्या विषारी रसायनांवरच्या २००१च्या स्टॉकहोम कराराने जगभर बंधन घातलं. आणि कर्करोगावरच्या आंतरराष्ट्रीय संस्थेने, आयएआरसीने, त्याला 'बहुधा कर्ककारक' म्हटलं ते २०१५ साली! नोबेलनंतर ६७ वर्षांनी. क्लोरपायरिफॉस दशकानुदशकं पिकांवर फवारलं जात होतं. २०१९ साली युरोपच्या अन्न सुरक्षा संस्थेने म्हटलं की याची सुरक्षित पातळी ठरवताच येत नाही. २०२० साली युरोपने ते थांबवलं, २०२५ साली ते स्टॉकहोमच्या यादीत गेलं. आदल्या वर्षी ज्याच्या अवशेषाला 'मर्यादेच्या आत' म्हणत होते, त्याला पुढच्या वर्षी मर्यादाच उरली नाही. त्या मधल्या वर्षांत ज्यांनी खाल्लं त्यांचं काय?

उंबरठा

सातवी_ओळ, तुमचा राग मला कळतो. क्लोरपायरिफॉसचे आकडे मी स्वतःच्या हाताने अहवालात भरलेत. नियम बदलला तेव्हा आमच्या खोलीत त्या दिवशी कुणी फारसं बोललं नाही.

एकच फरक मांडते. डीडीटी शरीरातल्या चरबीत जाऊन बसतं. त्याचा डीडीई हा अवशेष वर्षानुवर्षं बाहेर पडत नाही, म्हणून थोडं-थोडं खाल्लेलंही साठत जातं. आजची बरीचशी कीटकनाशकं एक-दोन दिवसांत लघवीवाटे निघून जातात. याचा अर्थ ती निरुपद्रवी आहेत असा नाही, कारण रोज खाल्लं तर रोज नव्याने आत येतात. पण साठणं आणि येत-जात राहणं या वेगळ्या गोष्टी आहेत. यामुळे अभ्यासही अवघड होतो. आजची लघवी तपासली तर परवाचं जेवण कळतं, गेली ३० वर्षं कळत नाहीत.

पानगळ, धुण्याबद्दल लिहिते, थोडा वेळ द्या.

तिसराप्रहर

मी साथरोगशास्त्र शिकवतो, म्हणून मोठ्या माणसांवर प्रत्यक्ष काय अभ्यास झालेत ते सांगतो. जरा लांबेल.

फ्रान्समधल्या न्यूट्रिनेट-सान्ते या अभ्यासात ६८,९४६ प्रौढांना सेंद्रिय अन्न किती वेळा खाता असं विचारून पुढे साडेचार वर्षांवर त्यांचा मागोवा घेतला. २०१८ साली निष्कर्ष आला की सर्वांत जास्त सेंद्रिय खाणाऱ्यांत कर्करोगाचं प्रमाण २५ टक्क्यांनी कमी होतं. ही बातमी सगळीकडे गेली. त्याआधी, २०१४ साली, ब्रिटनमधल्या ६,२३,०८० स्त्रियांचा ९ वर्षांवरचा अभ्यास प्रसिद्ध झाला होता. त्यात एकूण कर्करोगात काहीच घट दिसली नव्हती, स्तनाच्या कर्करोगात उलट किंचित वाढ दिसली होती. ती बातमी फारशी कुठे गेली नाही.

मात्र दोन्ही अभ्यासांत एक गोष्ट सारखी आहे. नॉन-हॉजकिन लिम्फोमा, म्हणजे लसिकाग्रंथींचा एक कर्करोग, दोन्हीकडे सेंद्रिय खाणाऱ्यांत कमी दिसला. फवारणी करणाऱ्या शेतकऱ्यांच्या अभ्यासांतही याच आजाराचं नाव वारंवार येतं. हा योगायोग असू शकेल. पण वेगवेगळ्या दिशांनी येणाऱ्या पावलांचे ठसे एकाच दाराशी थांबत असतील तर ते दार मी उघडून पाहीन.

अडचण काय आहे? सेंद्रिय खाणारी माणसं बाकीच्या बाबतींतही वेगळी असतात. सिगारेट कमी, व्यायाम जास्त, शिक्षण आणि पैसा जास्त. गणिताने हे फरक काढून टाकायचा प्रयत्न होतो, पण ते पूर्ण निघत नाहीत.

म्हणून मला हार्वर्डच्या गटाची पद्धत जास्त पटते. त्यांनी सेंद्रियचा प्रश्नच बाजूला ठेवला. वर उंबरठा यांनी ज्या अमेरिकी कार्यक्रमाचा उल्लेख केला त्याच्या आकड्यांवरून फळं-भाज्यांचे जास्त अवशेषाच्या आणि कमी अवशेषाच्या असे गट पाडले. मग लोक कुठल्या गटातलं किती खातात हे पाहिलं. २०२२चा निष्कर्ष असा : कमी अवशेषाच्या फळं-भाज्या दिवसाला ४ किंवा जास्त वाढप (वाढप म्हणजे एका वेळचा ठरावीक वाटा) खाणाऱ्यांचा मृत्यूदर, १ वाढपही न खाणाऱ्यांपेक्षा ३६ टक्क्यांनी कमी. जास्त अवशेषाच्या फळं-भाज्या तितक्याच खाणाऱ्यांत मात्र फायदा स्पष्ट दिसला नाही.

हे नीट वाचा. जास्त अवशेषाच्या फळांनी मृत्यू वाढला असं त्यात नाही. फायदा दिसला नाही, एवढंच आहे. फळाने दिलेलं अवशेषाने काढून घेतलं, हा त्याचा एक अर्थ. दोन गटांतली फळंच मुळात वेगळी आहेत, हा दुसरा. दोन्ही शक्यता मी उघड्या ठेवतो.

याच गटाने प्रजननाबद्दलही काम केलंय. मूल होण्यासाठी उपचार घेणाऱ्या जोडप्यांतल्या १५५ पुरुषांत, जास्त अवशेषाच्या फळं-भाज्या सर्वांत जास्त खाणाऱ्यांची एकूण शुक्राणूसंख्या सर्वांत कमी खाणाऱ्यांपेक्षा ४९ टक्क्यांनी कमी होती (२०१५). ३२५ स्त्रियांच्या अभ्यासात अशा फळं-भाज्या जास्त खाणाऱ्यांत मूल जन्माला येण्याची शक्यता २६ टक्क्यांनी कमी दिसली (२०१८). संख्या लहान आहेत, उपचार घेणारी जोडपी आहेत, ते सगळ्यांना लागू होईलच असं नाही. पण एखादा चाळिशीच्या आतला वाचक मूल व्हावं म्हणून प्रयत्न करत असेल तर त्याच्यापासून मी ही माहिती लपवणार नाही.

मधलीवाट

तिसराप्रहर, फार उपयोगी प्रतिसाद.

फळं सोडू नका या बाजूने एक आकडा माझ्याकडूनही. २०१२ साली अमेरिकेतल्या संशोधकांनी अंदाज काढला होता की तिथल्या निम्म्या लोकांनी रोज एक वाढप फळ-भाजी जास्त खाल्ली तर वर्षाला सुमारे २०,००० कर्करोग टळतील, आणि वाढलेल्या अवशेषांमुळे जास्तीत जास्त १० होतील. हा अंदाज प्राण्यांवरच्या प्रयोगांतून निघालेला आहे आणि फक्त कर्करोगाचा आहे, तरी २०,००० आणि १० यांतलं अंतर लहानसहान चुकीने भरून निघणारं नाही.

गवतफूल

मी इथे फक्त वाचत असते, पहिल्यांदाच लिहिते आहे.

माझे वडील ६८ वर्षांचे आहेत. पाच वर्षांपूर्वी त्यांना पार्किन्सन झाला. डावा हात आधी थरथरायला लागला, आता चालताना पाय जमिनीला चिकटल्यासारखे होतात. त्यांनी २५ वर्षांहून जास्त काळ पाठीवर पंप घेऊन फवारणी केली. हातमोजे नाहीत, तोंडाला कधी रुमाल, कधी तोही नाही. औषध काठीने ढवळायचे आणि काठी नसेल तर हाताने.

मला दोन गोष्टी विचारायच्या आहेत. त्यांना हे फवारणीमुळे झालं का? आणि आम्ही घरातले सगळे तेच पीक खात होतो, मग आम्हालाही होईल का?

उंबरठा

गवतफूल, लिहिलंत हे फार बरं केलंत.

पहिल्या प्रश्नाचं उत्तर एका माणसापुरतं कुणीच खात्रीने देऊ शकत नाही. पार्किन्सन न फवारणाऱ्यांनाही होतो. पण फवारणी करणाऱ्यांत त्याचं प्रमाण जास्त दिसतं याचा पुरावा चांगला भक्कम आहे. अमेरिकेत १९९३पासून शेतकरी, फवारणी करणारे आणि त्यांचे जोडीदार अशा सुमारे ८९,००० जणांचा मागोवा घेणारा अभ्यास चालू आहे. त्यातूनच २०११ साली दिसलं की पॅराक्वाट हे तणनाशक किंवा रोटेनॉन हे कीटकनाशक वापरलेल्यांत पार्किन्सनचं प्रमाण न वापरणाऱ्यांच्या अडीच पट होतं. फ्रान्सने २०१२ साली शेतीत कीटकनाशकं हाताळणाऱ्यांचा पार्किन्सन हा व्यवसायजन्य आजार म्हणून मान्य केला. वडिलांच्या डॉक्टरांना फवारणीचा पूर्ण इतिहास सांगा. कुठली औषधं, किती वर्षं, आठवेल तेवढं लिहून न्या.

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर जास्त ठामपणे देता येतं. बाटलीतलं घट्ट औषध हाताने ढवळणाऱ्याच्या कातडीतून जे आत जातं आणि त्याच पिकाच्या जेवणातून जे जातं, त्यांची तुलनाच होऊ शकत नाही. फवारणाऱ्यांचे निष्कर्ष उचलून खाणाऱ्यांना तसेच लावणं चूक आहे. तुम्हाला त्याच भीतीने जगायचं कारण नाही.

एक मात्र लिहून ठेवते. फक्त खाण्यामुळे धोका नसतोच, असा सरसकट नियम मी यातून काढत नाही.

सातवी_ओळ

तो नियम काढता येत नाही याचं उदाहरण म्हणजे क्लोरडेकोन. ग्वादलूप आणि मार्टिनिक या फ्रेंच बेटांवर केळीच्या सोंड्या किड्यासाठी १९७२ ते १९९३ ते वापरलं. ते मातीतून जातच नाही. बंदी आली, पण ज्यांनी आयुष्यात पंप हातात धरला नाही त्यांच्याही अंगात ते पोचलं, मातीत वाढणाऱ्या कंदांतून, पाण्यातून, माशांतून. तिथल्या ९० टक्क्यांहून जास्त प्रौढांच्या रक्तात ते सापडतं. २०१० साली ग्वादलूपमधल्या अभ्यासात रक्तातलं क्लोरडेकोन जास्त असलेल्या पुरुषांत प्रोस्टेटचा कर्करोग जास्त आढळला.

ही माणसं नुसती जेवत होती, उंबरठाताई.

उंबरठा

हो. हे उदाहरण मूळ लेखात असायला हवं होतं, माझ्याकडून राहिलं. साठणारं रसायन, पिढ्यान्‌पिढ्या न जाणारी माती आणि रोजचं तेच अन्न, असं एकत्र आलं की जेवणारासुद्धा सुटत नाही.

तिसराप्रहर

आणखी एक. कर्करोगाच्या बाबतीत वय फार महत्त्वाचं असतं. कॅलिफोर्नियात १९५९ ते १९६७ दरम्यान साठवलेल्या रक्तावरून २००७ साली दिसलं की ज्या स्त्रियांना १४ वर्षांच्या आत डीडीटीचा जास्त संपर्क आला, त्यांच्यात स्तनाच्या कर्करोगाचा धोका पाच पट होता. ज्यांना तोच संपर्क मोठेपणी आला त्यांच्यात असा संबंध दिसला नाही. म्हणजे मोठ्यांच्या आजाराचं मूळ कधीकधी लहानपणात असतं आणि ते पन्नाशीत येऊन मोजलं तर सापडत नाही. धाग्याची चौकट मोडतो आहे, पण हे सांगितल्याशिवाय राहवेना.

पानगळ

धुण्याची वाट पाहते आहे :)

उंबरठा

पानगळ, घ्या.

नळाच्या वाहत्या पाण्याखाली किमान ३० सेकंद चोळून धुवा. अमेरिकेतल्या कनेटिकटच्या कृषी संशोधन केंद्राने १२ कीटकनाशकांवर हे करून पाहिलं, त्यातली ९ स्पष्ट कमी झाली. विकतच्या भाजी धुण्याच्या द्रवांनी पाण्यापेक्षा जास्त काही साधलं नाही. गंमत अशी की रसायन पाण्यात विरघळणारं आहे की नाही याचा फारसा संबंध दिसला नाही. पाण्याचा जोर आणि हाताचं चोळणं यांनीच काम केलं. त्यामुळे भांड्यात नुसतं बुडवून ठेवण्यापेक्षा वाहतं पाणी बरं.

खायच्या सोड्याचा अभ्यास २०१७चा आहे, सफरचंदावर, दोन औषधांवर. लिटरभर पाण्यात १० ग्रॅम सोडा, त्यात १२ ते १५ मिनिटं. पृष्ठभागावरचं बरचसं निघालं. पण थायाबेंडाझोल या बुरशीनाशकाचा २० टक्के भाग तोवर सालीच्या आत मुरला होता, तो कशानेच निघाला नाही. साल काढली तर तो जातो, पण सालीतलं चांगलंही जातं.

आंतरप्रवाही औषधं, म्हणजे मुळावाटे किंवा पानावाटे झाडाच्या रसात शिरणारी, ती गरातच असतात. उदाहरणार्थ इमिडाक्लोप्रिड. तिथे धुणं, सोलणं दोन्ही अपुरं. शिजवल्याने काही औषधं मोडतात, काही मोडत नाहीत.

आणि एक गोष्ट सहसा कुणाच्या लक्षात येत नाही. फळ सुकवलं की पाणी जातं, अवशेष बऱ्याचदा मागे राहतो, म्हणून सुक्या फळात किलोमागचा आकडा वाढलेला दिसतो. धान्यावरचा अवशेष बराचसा कोंड्यात असतो. यावरून कोंडा टाकून द्या असं मी अजिबात म्हणत नाही, कोंड्याचे फायदे पक्के आहेत. फक्त अहवाल वाचताना हे ध्यानात ठेवा.

मीठ आणि व्हिनेगरबद्दल विशेष सांगण्यासारखं माझ्याकडे नाही. साबण वापरू नका, तो फळात मुरतो आणि मग साबणच पोटात जातो.

मधलीवाट

सेंद्रियबद्दल बोलू का? आमच्या घरात यावरून वाद होतो. मी म्हणते परवडेल तेवढं घेऊ, भाऊ म्हणतो ती फसवणूक आहे.

तिसराप्रहर

अवशेष कमी असतात, हे नक्की. २०१२ सालच्या एका मोठ्या आढाव्यात सेंद्रियच्या ७ टक्के नमुन्यांत अवशेष सापडले, नेहमीच्या शेतीच्या ३८ टक्के नमुन्यांत. शरीरातही फरक पटकन दिसतो. ऑस्ट्रेलियात १३ प्रौढांनी एक आठवडा बहुतांश सेंद्रिय खाल्लं, तर लघवीतली ऑरगॅनोफॉस्फेट या गटातल्या कीटकनाशकांची चिन्हं ८९ टक्क्यांनी घटली (२०१४). मात्र या घटीमुळे पुढे आजार टळले का, हे आठवड्याचा अभ्यास सांगू शकत नाही.

उंबरठा

आणि सेंद्रिय म्हणजे बिनफवारणीचं असं नव्हे. तांब्याची संयुगं, पायरेथ्रिन, स्पिनोसॅड, यांना सेंद्रिय शेतीत बऱ्याच ठिकाणी परवानगी असते. वर गवतफूल यांना लिहिताना ज्या रोटेनॉनचा उल्लेख केला, ते वनस्पतीच्या मुळांतून काढलेलं, एके काळी सेंद्रिय शेतीत चालणारं औषध! पार्किन्सनशी अडीच पटीचं नातं त्याचंही निघालं. नैसर्गिक हा शब्द तब्येतीची हमी देत नाही. मधलीवाट, तुम्ही दोघंही अर्धे-अर्धे बरोबर आहात. पैसे मोजकेच असतील तर जे सालीसकट आणि रोज खाता ते सेंद्रिय घ्या, बाकीचं नेहमीचं चालेल. पण सेंद्रिय परवडत नाही म्हणून फळच न खाणं, हे नको.

सातवी_ओळ

मूळ प्रश्नाकडे परत येऊ. सात-आठ औषधं एकत्र आली तर? त्याचं उत्तर अजून कुणी दिलेलं नाही.

उंबरठा

माझ्याकडे अर्धंच उत्तर आहे.

युरोपच्या अन्न सुरक्षा संस्थेने २०२० साली पहिल्यांदा एकत्रित हिशेब प्रसिद्ध केला. मज्जासंस्थेवर सारखा परिणाम करणाऱ्यांचा एक गट, थायरॉइडवर परिणाम करणाऱ्यांचा दुसरा. त्या गटातली सगळी एकत्र खाल्ली असं धरून मोजलं. निष्कर्ष असा निघाला की कृती करावी लागेल त्या उंबरठ्याच्या आतच धोका आहे, खात्री मात्र गटागणिक कमी-जास्त. मला हे दिलासा देणारं वाटतं, कारण प्रश्न योग्य विचारला गेला. पण अवयव दोनच होते. शरीरात यकृत आहे, मूत्रपिंडं आहेत, संप्रेरकांची बाकीची यंत्रणा आहे. वेगवेगळ्या अवयवांवर परिणाम करणारी औषधं एकत्र आली तर काय, ते या हिशेबात येत नाही.

तेव्हा माझं मत असं : आज फळं-भाज्या खाणाऱ्या प्रौढाला अवशेषांमुळे असलेला धोका लहान आहे, न खाण्याचा धोका मोठा आहे, आणि लहान धोका अजून पूर्ण मोजलेला नाही. शेवटचा भाग खरा आहे म्हणून पहिले दोन खोटे ठरत नाहीत.

सातवी_ओळ

शेवटचा भाग तुम्ही उघड लिहिलात, त्याबद्दल आभार. मी 'लहान' हा शब्द अजून वापरणार नाही. पण फळं मीही खातो आणि आईलाही देतो, हे प्रामाणिकपणे सांगतो.

कातरवेळ

जाऊबाईंचं पुढे काय झालं?

उंबरठा

परवा सफरचंद धुताना दिसल्या. घड्याळात बघून, ३० सेकंद. :) दोनच फोडी खाल्ल्या. हिशेबाचा कागद त्यांनी मागून घेतला आहे, त्यावर खाली स्वतःच्या अक्षरात 'एकत्र?' असं लिहिलंय. मी ते खोडलं नाही.

गवतफूल

सगळ्यांचे प्रतिसाद दोनदा वाचले. वडिलांना वाचून दाखवले, त्यांनी चार औषधांची नावं आठवून सांगितली, ती वहीत लिहिली. आता शेत भाऊ बघतो. तोही हाताने ढवळतो. कुठले हातमोजे आणायचे ते सांगाल का? तो म्हणतो कापडी आहेत घरात.

उंबरठा

कापडी नकोत, चामड्याचेही नकोत. ते औषध शोषून घेतात आणि दिवसभर कातडीला लावून ठेवतात. रासायनिक कामाचे जाड नायट्राइलचे घ्या, मनगटाच्या वरपर्यंत येणारे, आत अस्तर नसलेले. काढण्याआधी मोजे हातात असतानाच साबणाने धुवायचे. घट्ट औषध बाटलीतून काढून पाण्यात मिसळतानाच सर्वांत जास्त धोका असतो, तेव्हा डोळ्यांना चष्मा, पुढे प्लास्टिकचा एप्रन. ढवळायला लांब दांडा, तो दुसऱ्या कशाला वापरायचा नाही. फवारणीचे कपडे घरच्या कपड्यांत धुवायचे नाहीत. आणि लेबलवर आणखी काही लिहिलं असेल तर ते आधी.

भावाला इथे यायला सांगा, त्याला काही विचारायचं असेल तर मी आहे.

गवतफूल

त्याच्याकडे फोन आहे पण वाचायचा कंटाळा करतो. मी आज रात्री मोठ्याने वाचून दाखवते.